वरातीतून आत शिरणारे चोर

एप्रिल १६६३. शाहिस्तेखान लाल महालात मुक्काम ठोकून बसला होता आणि पुण्याभोवती त्याच्या फौजेचा पहारा होता. त्या पहाऱ्यातून शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह आत कसे शिरले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. लग्नाची वरात निघाली, वाजंत्री वाजू लागली आणि वऱ्हाडाच्या गर्दीतून मावळे शहरात गेले. लग्नाच्या वऱ्हाडावर कोण कशाला संशय घेईल?

महाराजांची ती युक्ती स्वराज्यासाठी होती. आज मात्र तीच युक्ती भुरट्या चोरांच्या हाती पडली आहे आणि त्यांची वरात व्हॉट्सॲपवरून येते. ऐन लग्नसराईत मोबाईलवर एक फाईल येते, नाव असतं ‘लग्नपत्रिका’. पाठवणाऱ्याचा नंबर कधी अनोळखी असतो, तर कधी चक्क ओळखीच्या माणसाचा असतो, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ असायला हवी. या फाईलच्या नावाचा शेवट मात्र ‘डॉट एपीके’ असा असतो. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर चढवायचं ॲप. पत्रिका बघायला म्हणून आपण बोट लावतो आणि चोराला स्वतःच दार उघडून देतो. २०२४ च्या लग्नसराईत पोलिसांनी अशा पत्रिकांबद्दल जाहीर इशारे दिले होते.

अशा वेषांतर केलेल्या प्रोग्रामला संगणकाच्या भाषेत ‘ट्रोजन’ म्हणतात. नाव ग्रीक कथेतून आलं आहे. ट्रॉय शहराला वेढा घालून दमलेल्या ग्रीकांनी एक मोठा लाकडी घोडा वेशीबाहेर ठेवला आणि माघार घेतल्याचं सोंग केलं. ट्रॉयच्या लोकांनी विजयाची खूण समजून तो घोडा ओढत आत नेला. रात्री घोड्याच्या पोटातून सैनिक बाहेर आले आणि त्यांनी वेस उघडली.

व्हायरस वेगळा, ट्रोजन वेगळा

आपण बोलताना सगळ्यालाच ‘व्हायरस आला’ म्हणतो. खरं तर यात तीन जाती आहेत. व्हायरस दुसऱ्या फाईलला चिकटतो आणि तिच्याबरोबर पसरतो. वर्म, म्हणजे किडा, कुणाची मदत न घेता नेटवर्कवरून एका संगणकातून दुसऱ्यात जातो. ट्रोजन यातलं काही करत नाही. त्याला आत यायला तुमची परवानगी लागते आणि ती तो फसवून मिळवतो.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. कारण अँटिव्हायरस कितीही चांगला असला, तरी ‘हो, मला हे इन्स्टॉल करायचंच आहे’ असं घरमालकच म्हणाला, तर पहारेकरी कुठवर अडवणार?

आजच्या ट्रोजनांमधला मोठा वर्ग माहिती चोरणाऱ्यांचा आहे. जुन्या काळचे प्रोग्राम स्क्रीनवर काहीतरी नाचवायचे, फाईली खराब करायचे, म्हणजे आल्याचं कळायचं तरी. हे नवे प्रोग्राम गुपचूप येतात, हवं ते उचलतात, इंटरनेटवरून मालकाकडे पाठवतात आणि बऱ्याचदा स्वतःला पुसूनही टाकतात. त्यामुळे ‘माझा संगणक हळू चालत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

पुणे, कुडनकुलम आणि एक प्राप्तिकराचा परतावा

हे सगळं दूर अमेरिकेत घडतं, असं कुणाला वाटत असेल तर आपल्याकडची तीन उदाहरणं बघू.

पहिलं पुण्याचं. कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली, मराठी माणसाच्या ओळखीची बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांच्या आत २८ देशांतल्या एटीएममधून या बँकेच्या बनावट कार्डांवर पैसे निघत गेले. भारतातही निघाले, अगदी कोल्हापुरातसुद्धा. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर ‘पैसे द्यायचे का?’ असा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो. चोरांनी मालवेअरच्या मदतीनं मध्येच आपली नकली यंत्रणा बसवली होती आणि ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो, द्या’ असं उत्तर देत होती. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण आकडा झाला सुमारे ९४ कोटी ४२ लाख. ग्राहकांच्या खात्यातल्या रकमा सुरक्षित आहेत, असं बँकेनं तेव्हा सांगितलं. पुणे पोलिसांच्या तपासानंतर एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. पण ही माणसं मुख्यतः एटीएमवर जाऊन पैसे काढणाऱ्या साखळीतली होती.

दुसरं उदाहरण तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाचं. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या एका संगणकावर ‘डीट्रॅक’ नावाचा माहिती चोरणारा प्रोग्राम सापडला. तुम्ही कोणत्या कळा दाबता, ब्राउझरमध्ये कुठं कुठं गेलात, संगणकावर कोणत्या फाईली आहेत, हे सगळं टिपून घेणं हे त्याचं काम. बातमी बाहेर आल्यावर आधी इन्कार झाला आणि ३० ऑक्टोबरला अणुऊर्जा महामंडळानं ती मान्य केली. सुदैवानं तो संगणक प्रशासकीय कामाचा, इंटरनेटला जोडलेला होता. अणुभट्टी चालवणारं नेटवर्क पूर्ण वेगळं असल्यामुळे तिथं धक्का पोचला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, घरच्या संगणकासाठी तो पुढे कामाला येणार आहे.

तिसरं उदाहरण तुमच्या-आमच्या खिशातल्या फोनचं. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं ‘ड्रिनिक’ नावाच्या ट्रोजनबद्दल इशारा दिला. प्राप्तिकर खात्याच्या नावानं एसएमएस यायचा. लिंक उघडली की खात्याच्या संकेतस्थळासारखं हुबेहूब पान आणि तिथून एक ॲप उतरवायचं. ॲप पॅन, आधार, खाते क्रमांक, कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही आणि पिनसुद्धा विचारायचं, कशासाठी तर परतावा जमा करायला. रक्कम भरून बटण दाबलं की स्क्रीनवर ‘अपडेट चालू आहे’ असं दिसायचं आणि तेवढ्यात माहिती निघून जायची. २७ हून अधिक बँकांचे ग्राहक त्याच्या निशाण्यावर होते. पैसे मिळणार म्हटल्यावर माणूस घाई करतो, हे चोरांना पक्कं ठाऊक असतं.

घरात शिरतो कुठून?

नेहमीच्या वाटा मोजक्याच आहेत.

पहिली वाट ईमेलची. आपल्या सुरतेत घरटी कुणी ना कुणी कपड्याच्या, जरीच्या नाहीतर हिऱ्याच्या धंद्याशी जोडलेलं असतं. पार्टीचं बिल, पेमेंटची पावती, जीएसटीची नोटीस, कुरिअरची चिठ्ठी अशा नावाच्या फाईली रोज येतात. विंडोज फाईलच्या नावाचा शेवटचा भाग सहसा लपवून ठेवतं. त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाईल तुम्हाला फक्त ‘बिल डॉट पीडीएफ’ अशी दिसते आणि चित्रही पीडीएफचंच लावलेलं असतं. दुसरी चलाखी म्हणजे पासवर्ड घातलेली झिप फाईल. पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असतो. ‘सुरक्षेसाठी’ म्हणून सांगतात, पण खरा हेतू हा, की मेल तपासणाऱ्या यंत्रणेला ती फाईल उघडून बघता येऊ नये.

दुसरी वाट फुकट सॉफ्टवेअरची, आणि ही विशेषतः तरुण वाचकांसाठी. गेमचं क्रॅक, गेममध्ये जिंकवून देणारी चीट, व्हिडिओ एडिटिंगचं किंवा डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर ‘फुल व्हर्जन फ्री’. खाली सूचना असते, ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’. जरा विचार करा, कुलूप दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, ‘आधी वॉचमनला घरी पाठवा’, तर तुम्ही पाठवाल का? माहिती चोरणारे ट्रोजन पसरण्याचा हा आजचा एक मोठा रस्ता आहे.

तिसरी वाट शोधाच्या पानावरची जाहिरात. एखादं सॉफ्टवेअर गूगलवर शोधलं की वरचा पहिला निकाल बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. चोरही पैसे देऊन जाहिरात लावू शकतात आणि त्यांचं पान असलीपेक्षा देखणं असतं.

चौथी वाट नवीन आहे आणि फार कावेबाज. एखाद्या साइटवर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असा चौकोन येतो. त्यात सांगतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानानं तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. ती तुम्ही स्वतःच्या हातानं संगणकाला देता आणि ट्रोजन उतरतो. कोणतीही खरी वेबसाइट माणूसपण सिद्ध करायला अशा कळा दाबायला लावत नाही. हे एक वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा.

पाचवी वाट फोनची: व्हॉट्सॲपवर आलेलं एपीके. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन, बँकेचे रिवॉर्ड पॉइंट, वीज तोडण्याची धमकी, नावं बदलतात पण फाईल तीच.

नेतो काय?

लोकांना वाटतं चोर पासवर्ड नेतो. नेतोच. ब्राउझरमध्ये ‘सेव्ह पासवर्ड’ म्हणून जे जे साठवलंय, ते सगळं एका झटक्यात जातं. पण त्याहून मोलाची एक वस्तू तो नेतो, ती म्हणजे कुकी.

कुकी समजायला नवरात्र आठवा. गरब्याच्या मैदानावर दारात पास तपासतात आणि हाताला एक पट्टी बांधतात. नंतर तुम्ही पाणी प्यायला बाहेर जाऊन आलात तरी पास कुणी विचारत नाही, पट्टी बघतात आणि सोडतात. वेबसाइटही असंच करते. एकदा पासवर्ड आणि ओटीपी तपासला की ब्राउझरच्या हाताला कुकीची पट्टी बांधते. म्हणून तर जीमेल रोज पासवर्ड मागत नाही. आता ती पट्टीच कुणी तशीच्या तशी उचलून आपल्या हाताला बांधली तर? दारातला माणूस त्यालाही आत सोडेल. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, काही नाही. ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, तरी अकाउंट कसं गेलं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथं सापडतं.

याशिवाय आपोआप भरला जाणारा पत्ता आणि कार्ड नंबर, डेस्कटॉपवरच्या फाईली, ‘पासवर्ड’ नावाची टेक्स्ट फाईल, पॅन-आधारचे स्कॅन, क्रिप्टोचं पाकीट, स्क्रीनचा फोटो असं सगळं गाठोडं बांधून पाठवलं जातं. फोनवरचा ट्रोजन त्यात एसएमएस वाचण्याची भर घालतो, म्हणजे ओटीपी तुमच्याआधी त्याला कळतो.

ही गाठोडी पुढे बाजारात विकली जातात. ‘जेनेसिस मार्केट’ नावाची अशी एक पेठ अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून एप्रिल २०२३ मध्ये बंद केली. मे २०२५ मध्ये ‘लुमा’ नावाच्या माहितीचोराची यंत्रणा मोडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की केवळ दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजार विंडोज संगणकांना त्याची लागण झालेली आढळली होती. एक दुकान बंद झालं की शेजारी दुसरं उघडतं, हे बाजाराचं गणित सुरतकरांना वेगळं सांगायला नको.

कुलुपं कोणती लावायची?

महागडं काही घ्यायची गरज नाही. पुढच्या गोष्टी एका रविवारी दुपारी होऊन जातात.

१. फाईलचं पूर्ण नाव दिसू द्या. विंडोज ११ मध्ये कोणतंही फोल्डर उघडा, ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ यावर खूण करा. बिलाच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस किंवा एलएनके दिसलं की ते बिल नाही.

२. अपडेट टाळू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अजून तेच चालवत असाल तर निदान बँकेची कामं त्या संगणकावर करू नका.

३. विंडोजमधला डिफेंडर चालू ठेवा. घरच्या वापराला तो पुरेसा आहे, अट एवढीच की कुणाच्या सांगण्यावरून तो बंद करायचा नाही.

४. रोजचं काम ॲडमिन खात्यातून करू नका. साधं खातं वेगळं उघडा. मग काही इन्स्टॉल होताना संगणक ॲडमिनचा पासवर्ड मागेल आणि विचार करायला एक क्षण मिळेल. फक्त याच्या भरवशावर राहू नका, साध्या खात्यातले पासवर्ड चोरायला ट्रोजनला ॲडमिनची गरज लागत नाही.

५. कुडनकुलमचा धडा घरी वापरा. ज्या लॅपटॉपवर बाबांचं टॅली, जीएसटी आणि बँक आहे, त्यावर मुलांनी गेम आणि मॉड चढवू नयेत. दुसरा संगणक शक्य नसेल तर बँकेचं काम फोनवरच्या अधिकृत ॲपमधून करा आणि तो फोन स्वच्छ ठेवा.

६. बँक आणि ईमेलचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका. चांगला पासवर्ड मॅनेजर वापरा. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. जिथं पासकीची सोय आहे तिथं ती घ्या, कारण तिथं चोरायला पासवर्डच उरत नाही. बँकेचं काम झालं की खिडकी नुसती बंद करू नका, लॉगआउट करा. लॉगआउट म्हणजे ती गरब्याची पट्टी कापून टाकणं.

७. फोनवर प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा आणि ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ ही परवानगी व्हॉट्सॲपला व ब्राउझरला देऊ नका. टॉर्च किंवा पत्रिकेच्या ॲपनं एसएमएस वाचण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली, तर तिथंच थांबा. ॲक्सेसिबिलिटी ही अपंग व्यक्तींच्या सोयीसाठीची परवानगी आहे. ती मिळाली की ॲप तुमची स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणं दाबू शकतं.

८. शंका असलेली फाईल ‘व्हायरसटोटल’ या मोफत साइटवर तपासता येते. मात्र स्वतःची खासगी कागदपत्रं तिथं चढवू नका.

शंका आलीच तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या संगणकाचं किंवा फोनचं इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला. त्याच संगणकावरून बदलले तर नवे पासवर्डही चोराला मिळतील. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांची किल्ली ईमेलमध्ये असते. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय निवडा म्हणजे चोरलेल्या पट्ट्या निकामी होतील. लगेच बँकेला कळवून कार्ड आणि नेट बँकिंग थांबवा.

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन इथं तक्रार नोंदवा. मेसेज, फाईल आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट पुसू नका, तो पुरावा आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उड्या मारत जातात. ते मध्येच गोठवता येतात, पण त्यासाठी तक्रार वेळेत पोचावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातही वेळेला मोठं वजन आहे: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. संगणक साफ करायला सर्ट-इनच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मोफत साधनं आहेत. तरीही माझा सल्ला असा, की महत्त्वाच्या फाईली बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकावं. फाईली परत घेताना कागदपत्रं आणि फोटोच घ्या, जुनी सेटअपं नकोत.

घरातला आयटी विभाग

या अंकाच्या तरुण वाचकांना शेवटी एक सांगायचं आहे. बहुतेक घरांत तुम्हीच आयटी विभाग आहात. आईचा फोन, काकांचा लॅपटॉप, आजोबांचं पेन्शनचं ॲप, सगळं तुमच्याकडे येतं. वरच्या आठ गोष्टी तुम्हाला अर्ध्या तासात जमतील. त्याहून कठीण आहे ते घरातल्या माणसांनी वेळेत तुम्हाला सांगणं.

फसलेला माणूस पहिल्यांदा गप्प बसतो. बाबांना वाटतं, पोरं हसतील. आईला वाटतं, सगळे रागावतील. मुलाला वाटतं, क्रॅक टाकल्याचं कळलं तर लॅपटॉप काढून घेतील. या लाजेत आणि भीतीत रात्र जाते, आणि चोराला नेमकी तीच रात्र हवी असते. एफडी मोडून मुलीच्या लग्नासाठी बचत खात्यात ठेवलेले पैसे एका रात्रीत जाऊ शकतात आणि एका फोननं वाचूही शकतात.

म्हणून आजच जेवताना घरात एक करार करून टाका: कुणाच्याही हातून काहीही उघडलं गेलं, तरी ते लगेच सांगायचं आणि सांगणाऱ्यावर कुणी ओरडायचं नाही. १९३० हा नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि पुढची लग्नपत्रिका मोबाईलवर आली, की उघडण्याआधी यजमानांना एक फोन करा. पत्रिका खरी निघाली तर निदान तोंडी आमंत्रण तरी मिळेल!